माझ्या साडूंचा उदास माणूस

उभ्या झाडीपट्टीत माझ्या साडूंइतका हळू बोलणारा माणूस नसेल, आणि त्यांच्या मुलखात त्यांच्याइतके मोठे भोंगेही दुसऱ्या कोणाकडे नसतील. या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या वाट्याला देताना वरच्याने काय विचार केला, ते मला आजवर कळलेलं नाही. कुरखेड्याच्या पलीकडे जंगलाला टेकलेलं त्यांचं गाव. तिथे लग्न असो, बारसं असो, दिवाळीनंतरची मंडईची जत्रा असो की कोणाच्या निवडून येण्याची मिरवणूक, आवाज लागला की माणसं साडूंच्या दारात येतात. साडू भाव सांगतात तेव्हा मात्र येणाऱ्याला आपला कान त्यांच्या तोंडाशी न्यावा लागतो. एकदा एका नवरदेवाचा बाप वैतागून म्हणाला, "भाऊ, तुमी माइकात बोला ना!" साडूंनी खरोखरच माइक हातात घेतला, फुंकून पाहिला आणि तितक्याच हळू विचारलं, "लगन सकाळचं हाय का संध्याकाळचं?" ते पुढच्या गल्लीत ऐकू गेलं, तिथल्या एका म्हातारीने "संध्याकाळचं, संध्याकाळचं" असं उत्तरही दिलं.

माझी बायको ही त्यांची धाकटी मेव्हणी. मी वरोऱ्याच्या एका जिनिंगमध्ये हिशेब लिहितो. दिवसभर कापसाच्या यंत्रांच्या घरघरीत बसायचं आणि घरी येऊन गप्प बसायचं, असा माझा नेम. आमच्या घरात माझ्या वाक्यांपेक्षा कुकरच्या शिट्ट्या जास्त होतात. काळजी मात्र मी दोघांच्या वाटची करतो. गॅसचं बटन, दाराची कडी, बायकोच्या बीपीची गोळी हे सगळं तपासूनही मला झोप लागेलच असं नसतं. असा माणूस साडूंसारख्या माणसाच्या नात्यात पडला, म्हणजे त्याच्या काळजीला रोज नवं काम. आणि मी जे आता सांगणार आहे ते आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही, साडूंना तर नाहीच.

सगळ्याची सुरुवात आठवडी बाजारातल्या एका जुन्या मोबाइलपासून झाली. साडूंनी तो कुणाकडून तरी हातोहात घेतला. फोन काही दिवसांत बंद पडला, पण आतलं मेमरी कार्ड चालू होतं, आणि त्यात कुठल्यातरी इंग्रजी अल्बमची दहा गाणी होती. ना गायकाचं नाव, ना चित्र, नुसते एक ते दहा आकडे. एक गिटार, एक तोंडाने वाजवायचा बाजा, मधूनच एसटीच्या ब्रेकसारखी लांब ओढत जाणारी कुठलीशी तार, आणि या सगळ्यामागून एका थकलेल्या माणसाचा आवाज. तो गातो असंही म्हणवत नाही. दिवसभर नांगर धरून आलेला माणूस ओसरीवर बसून, कोणी ऐकतंय का याची पर्वा न करता जसं काही सांगत बसतो, तसं ते होतं. एक ओळ म्हणायची आणि थांबायचं. इतकं थांबायचं, की कार्ड अडकलं की काय अशी शंका यावी. मग दुसरी ओळ.

साडूंनी ती गाणी ऐकली आणि त्यांचं जे काही व्हायचं ते झालं. गाव त्या गायकाला 'रडका' म्हणू लागलं. साडूंना ते खपत नसे. "रडका नाई जी, उदास हाय," ते दुरुस्ती करत. "रडका माणूस दुसऱ्याले सांगते. उदास माणूस सांगत नाई, त्याचं दिसून राह्यते." त्यांना इंग्रजीचं एक अक्षर येत नाही, पण दहाही गाण्यांची गोष्ट त्यांनी लावून ठेवली होती. बायको माहेरी निघून गेली आहे. तिसऱ्या गाण्यात तो माफी मागतो, पाचव्यात पाऊस नाही, सातव्यात एका बाईचा आवाज त्याच्या आवाजात येऊन मिसळतो, म्हणजे ती फोनवर बोलली, आणि आठव्यात पुन्हा तो एकटाच, म्हणजे बोलणं फिसकटलं. सातवं लागलं की साडू हातातलं काम सोडून उभे राहत. दर वेळी त्यांना वाटे की या खेपेला मिटेल. मी एकदा विचारलं, "भाऊ, भाषा येत नाही, मग बायको गेली हे कसं कळलं?" ते माझ्याकडे जरा दयेनेच बघत म्हणाले, "साडूभाऊ, फाट्यावर एकटा माणूस बसला असन, तं त्याची गाडी सुटली हे समजाले त्याचं तिकीट पाहा लागते काय?"

हे सगळं घरात राहिलं असतं तर कोणाची हरकत नव्हती. पण साडूंचा धंदाच आवाजाचा. एका लग्नात मंगलाष्टकं झाली, अक्षता पडल्या, माणसं जेवायला पंगतीकडे वळली, आणि डीजेच्या चार उभ्या डब्यांतून तो माणूस आपलं तिसरं गाणं म्हणू लागला. वाढपी जागच्या जागी थांबले. नवरीचा मामा धावत आला, "भाऊ, कोन गेलं? कोन गेलं?" साडू म्हणाले, "कोणी नाई, जेवा." जेवणार कसे! मंडईच्या रात्री नाटक सुरू व्हायच्या आधी त्यांनी पाचवं लावलं, तर नाटक कंपनीचा मॅनेजर मिशी लावलेल्या अवस्थेत पडद्यातून बाहेर आला आणि हात जोडून म्हणाला, "मालक, पब्लिकले रडवाचं काम आमचं हाय, आमच्या पोटावर पाय देऊ नका." त्या हंगामात साडूंची गिऱ्हाइकं गळतील अशी आम्हाला धास्ती होती. झालं भलतंच. हल्लीच्या नवऱ्या पाठवणीच्या वेळी रडत नाहीत, फोटोवाल्याकडे बघून हसतात, अशी आयांची मोठी तक्रार होती. साडूंच्या सातव्या गाण्याने ती मिटली. नवरी गाडीत बसायच्या वेळी ते लावलं की नवरी, आई, आत्या, एवढंच काय, गाडीचा ड्रायव्हरसुद्धा रडतो, अशी ख्याती झाली. लोक येऊन म्हणू लागले, "भाऊ, वरातीले दुसऱ्याचा डीजे सांगतला हाय, पण बिदाईले तुमचा माणूस पायजे."

इथवर मीही हसत होतो. हसणं थांबलं ते मोहाच्या दिवसांत. होळीच्या आगेमागे झाडाखाली पहाटे मोहफुलांचा सडा पडतो, आणि तो वेचायला गावातल्या बायका उजाडायच्या आत जंगलात जातात. प्रत्येक घरची झाडं ठरलेली. माझी मेव्हणी, म्हणजे साडूंची बायको आणि माझ्या बायकोची मोठी बहीण, जिला आम्ही सगळे बाई म्हणतो, तिची झाडं गावाच्या उत्तरेला, जरा आत. मोह वाकून, बसून वेचावा लागतो, आणि बसलेल्या माणसाची जंगलात फार भीती असते. वाघाला तो माणूस वाटतच नाही. त्या वर्षी त्या बाजूला एक वाघीण फिरत होती. गावात तिचं नाव घेत नसत, 'जनावर' म्हणत. आवाज करत, जथ्याने जा, असं वनखात्याचे लोक सांगून गेले. मग साडूंनी आपला चाकाचा, बॅटरीवर चालणारा स्पीकरचा बॉक्स सायकलला बांधला आणि रोज पहाटे बायकांबरोबर जाऊ लागले. पैसा नाही, पाणी नाही. आणि बॉक्सवर कोण? तोच उदास माणूस.

वरोऱ्यात आमची काय दशा झाली ते सांगता येत नाही. सकाळी बाई सुखरूप घरी आली की साडू एक मिस्ड कॉल द्यायचे, असं ठरलं होतं. तो येईपर्यंत माझी बायको चहाचा कप हातात धरून बसायची आणि मी पेपर उलटा धरून. "आला काय हो?" "नाही." "काऊन नाई आला?" "येईल." एके दिवशी तो आलाच नाही. बायकोने मोरीत जाऊन ओकारी काढली. दुपारी कळलं, साडू एका बिघडलेल्या ॲम्प्लिफायरमध्ये डोकं घालून बसले होते, विसरले. मी त्यांना फोनवर एवढंच म्हणालो, "बरं." त्या रात्री जागाच पडून राहिलो. मला सारखं वाटत होतं, जनावराला पळवायला निघालेला माणूस ही असली अंगाई वाजवतो! जनावर पळायचं सोडून ऐकायला येऊन बसेल.

होळीच्या सुट्टीत मी एकटाच तिकडे गेलो. बायकोने बजावलं होतं, "भाऊजींले समजावा. जोराचं काईतरी लावा म्हना." दुपारी छपरीत खाटेवर बसून मी समजावून पाहिलं. साडू म्हणाले, "बायकांलेच विचारा ना." शेजारच्या कांताबाई मोह वाळवत होत्या. त्या म्हणाल्या, "आमाले हेच बरं वाटते जी. त्याच्यात मधी मधी मोकळं हाय." मला ते नुसतं त्या गाण्यांचं कौतुक वाटलं. मोकळं म्हणजे काय, हे विचारायची मला गरज वाटली नाही.

साडू शेतावर गेले, बॉक्स चालूच ठेवून. मी आडवा झालो आणि डोळे मिटले. चौथं झालं, पाचवं झालं. सहाव्यात तो माणूस दोन ओळींमध्ये असा काही थांबला, की मला, काही संबंध नसताना, आमच्या लग्नानंतरचे दिवस आठवले. बायकोने एकदा विचारलं होतं, "मी पेटी शिकू का? समोरच्या बाई शिकवतात." मी "पाहू" म्हणालो होतो. ना मी पाहिलं, ना तिने पुन्हा विचारलं. एवढंच. याच्यात रडण्यासारखं काय आहे? पण सातव्यात ती गाण्यातली बाई गाऊ लागली आणि माझ्या डोळ्यांतून जे पाणी सुटलं ते थांबेचना. बापाच्या सरणाशी कोरडा उभा राहिलेला माणूस मी. डोळे उघडले तर समोर बाई, हातात सूप. ती जराही दचकली नाही. "रडा जी, रडा," म्हणाली, "ह्या खाटेवर सारेच रडतात. चहा ठेवू काय?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

संध्याकाळी साडू आंघोळीला गेले तेव्हा मी बॉक्समधलं ते कार्ड काढून माझ्या फोनमध्ये घातलं. वरातीची धडाकेबाज गाणी भरली आणि ती दहा गाणी पुसून टाकली. इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आलो की हे भीतीपोटी केलं, बाईच्या जिवासाठी केलं. भीती होतीच. पण कार्ड जवळजवळ रिकामंच होतं, त्यांच्या शेजारी माझीही गाणी सुखाने मावली असती. पुसली ती रागाने. त्या माणसाने मला परक्या घरात, बायकोच्या बहिणीसमोर रडवलं होतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे मीही त्यांच्याबरोबर गेलो. झाडांपाशी पोचल्यावर साडूंनी बॉक्सचं बटन दाबलं आणि जंगलात वरात घुसली. बायका दचकल्या. "हे कायले लावलं जी? आपला माणूस कुठी गेला?" साडू बटनं दाबत राहिले. पुढचं गाणं, त्याच्या पुढचं, मागचं. प्रत्येक ठिकाणी तीच धडधड. स्वतःच्या घराचं दार उघडावं आणि आत भलतंच कुटुंब जेवत बसलेलं दिसावं, तसा त्यांचा चेहरा झाला. "कार्ड फिरलं वाटते," एवढंच ते म्हणाले असावेत, कारण मला फक्त त्यांचे ओठ दिसले. मी खुणेने सांगितलं, राहू द्या, बरंच आहे की! आणि खरंच, त्या क्षणी माझ्या जिवाला किती दिवसांनी थंडावा मिळाला. इतक्या दणदणाटात कुठलं जनावर येतंय? बायका वाकून वेचायला लागल्या. बाई आपल्या शेवटच्या झाडाकडे, मोठ्या वारुळाच्या पलीकडे गेली. मी एका दगडावर बसून त्या दिवशीचा मिस्ड कॉल आपणच द्यायचा असं मनात योजत होतो.

कांताबाईंनी माझा खांदा हलवला आणि वर बोट दाखवलं. समोरच्या येनाच्या झाडावर वानरांची टोळी होती. सगळी एकाच दिशेला तोंड करून, फांद्या घट्ट धरून बसली होती, आणि त्यांची तोंडं उघडत होती, मिटत होती, उघडत होती. आवाज नव्हता. वरातीच्या ढोलावर नुसती तोंडं हलत होती. मला क्षणभर ते गमतीचं वाटलं. साडूंनी मात्र झेप घालून बॉक्स बंद केला.

आणि मग ऐकू आलं. खॉक, खॉक, खॉक. वानरं ओरडायला आत्ता लागली नव्हती, केव्हाची ओरडत होती. पलीकडून चितळ ओरडत होतं. सगळं जंगल आम्हाला सांगत होतं आणि आम्ही गाणं ऐकत होतो. वानरं बघत होती ती वारुळाकडे.

"बाई!" साडू ओरडले. त्यांचा तो आवाज मी पहिल्यांदा ऐकला, आणि शेवटचाच.

उत्तर नाही. सगळ्या बायका एकदम ओरडल्या, "ओ बाई! अवो बाई!" मग वारुळामागून, अगदी नेहमीच्या त्रासिक सुरात, "काय हाय? काऊन बोंबलता? टोपली तं भरू द्या!" ती उभी राहिली, तेव्हा तिच्या मागच्या झुडपात वाळलेली पानं एकदा चुरचुरली, थांबली, आणि मग दूर जात जात चुरचुरत राहिली. आम्हाला कोणालाच काही दिसलं नाही. दुपारी वनरक्षक आला, त्याने वारुळापलीकडच्या ओल्या मातीत उमटलेल्या पंजाभोवती काठीने एक गोल काढला, आणि बाईला म्हणाला, "मावशे, देवाले नारळ फोड."

पण ते दुपारचं. त्या घटकेला आम्हाला घरी जायचं होतं. एकमेकींना खेटून उभ्या राहिलेल्या बायका, टोपल्या तिथेच. बॉक्स लावायची सोय नव्हती, त्यात आम्ही बहिरे झालो होतो. मुकाट्यानेही जाता येत नव्हतं, जनावराला माणसांची चाहूल द्यायला हवी. कोणी हलेना. तेव्हा साडूंनी सायकल धरली, चालायला लागले, आणि गाऊ लागले. पहिलं गाणं. त्या इंग्रजीला शब्द होते असं म्हणवत नाही, पण चाल तीच, थकवा तोच. एक ओळ म्हटली आणि थांबले. सगळ्यांनी कान दिले. वानरं गप्प होती, पानं गप्प होती. मग दुसरी ओळ, बायकांनी मागून उचललेली. पुन्हा थांबले. पुन्हा कान दिले. तेव्हा मला कांताबाईंचं 'मोकळं' कळलं. त्या माणसाच्या गाण्यात आपला आवाज पुढे जातो आणि मग जंगलालाही बोलायला सवड मिळते. सातव्या गाण्याला बायकांनी त्यातल्या गाणाऱ्या बाईचा आवाज घेतला, आमच्या बाईनेसुद्धा, मधूनच "माहे टोपले ऱ्हायले ना वो" असं म्हणत, आणि त्याच गाण्यात आम्हाला गावची पहिली चूल दिसली.

मी त्या दिवशी सांगायला हवं होतं. साडू छपरीत बसून ते कार्ड सदऱ्याला पुसत होते, फुंकत होते, पुन्हा घालून पाहत होते. मी तोंड उघडलंही असतं, पण तेवढ्यात त्यांनीच कार्ड खाली ठेवलं. "समजलं," ते म्हणाले. "काय?" मी विचारलं. त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरत गेलं. "बायको आली असन त्याची घरी. मंग तो कायले गाते?" आणि त्यांनी बाईला हाक मारून चहा सांगितला, जणू कोणाच्या घरची चांगली बातमी कळली आहे. आता या माणसाला मी काय सांगू?

वरोऱ्याला आल्यावर मी ती गाणी शोधली. इंटरनेटवर, मोबाइल दुरुस्तीच्या दुकानांत, गिटार वाजवणाऱ्या मुलांना विचारून. ओळखीच्या एकाने सांगितलं, फोनसमोर नुसतं गुणगुणलं तरी गाणं सापडतं. मी जिनिंगच्या गोदामात, कापसाच्या गाठींआड उभा राहून गुणगुणलो. फोनने आधी एक भजन दाखवलं, मग एका टूथपेस्टची जाहिरात. तो कोण होता, कुठला होता, खरंच त्याची बायको गेली होती का, हे आता कळायचा मार्ग नाही. निदान आमच्यापुरता तो अल्बम आता साडूंच्या आणि त्या बायकांच्या तोंडातच उरला आहे, आणि तिथेही तो दर हंगामात थोडा बदलतो. तिसऱ्या गाण्यात आता स्पष्ट 'आंबील' असा शब्द येतो. नवव्यात कोणीतरी नदी घातली आहे. दहावं कोणालाच धड आठवत नाही, ते नुसतंच गुणगुणतात.

घरी एक जुनी पेटी आणली आहे. बायको म्हणाली, "आता ह्या वयात?" पण दुपारी वाजवते. दर मोहाला आम्ही दोघं तिकडे जातो, आणि पहाटे मीही बायकांच्या रांगेत चालतो. साडू ओळ म्हणतात, थांबतात. सगळे कान देतात. नेमकं त्याच वेळी ते माझ्या ओठांवर येतं. वाटतं, आत्ता सांगावं, भाऊ, ती गाणी मी पुसली. पण त्या थांब्यात बोलायचं नसतं. तो पानांचा असतो, वानरांचा असतो, जे कोणी जवळ असेल त्याचा असतो. मी गप्प राहतो, इतरांसारखेच कान देतो. मग साडू पुढची ओळ घेतात, आणि त्यांच्या मागोमाग, ज्यांचा अर्थ मला आजही कळत नाही अशा शब्दांत, मीही गायला लागतो.